सारंगीच्या तातीचा हिशेब

सारंगीवर पस्तीस-चाळीस तारा असतात आणि त्यांपैकी गज, म्हणजे केस ताणलेली वाजवायची काठी, फिरतो तो अवघ्या तीन तारांवर. बाकीच्या तरफेच्या, म्हणजे गज न लागता मुख्य तारांच्या आवाजाने आपोआप घुमणाऱ्या तारा पोलादाच्या आणि पितळेच्या असतात. त्यांचे वेटोळे एकदा आणले की बराच काळ पुरते आणि एखादी तार तुटली तरी नवी चढवायला फारसा वेळ लागत नाही. खरा खर्च होतो तो त्या तीन मुख्य तारांवर, कारण त्या बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या असतात. त्यांनाच तात म्हणतात. पुण्यात सारंगी शिकताना या तातींची सोय लावणे हा माझ्या शिक्षणाचाच एक भाग होऊन बसला. त्या काळात मी खर्चाची जी वही ठेवली, तिच्या आधारे हे लिहीत आहे, कारण सारंगी शिकायला येणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना वाद्याची किंमत सगळे सांगतात, तातीची कोणी सांगत नाही.

तातीऐवजी दुसरे काही लावले तर चालणार नाही का, हा प्रश्न मलाही प्रत्येक जण विचारतो. सारंगीत बोट तारेवर दाबले जात नाही. नखाच्या मुळाशी जिथे त्वचा संपते तो भाग तारेला कडेने टेकवून सरकवायचा असतो, आणि मींड, गमक, तान हे सगळे त्या सरकण्यातून निघते. धातूची तार त्या जागी त्वचा कापते आणि तिचा आवाजही कर्कश होतो. तात नखाला धरते आणि सोडते, गजाच्या केसांवरची राळ तिला नेमकी लागते, आणि तिचा आवाज तरफांवर पडला की तरफा भरभरून बोलतात. सारंगी माणसाच्या गळ्याच्या जवळ जाते असे जे म्हटले जाते, त्यातला मोठा वाटा माझ्या मते या तातीचा आहे. म्हणून काटकसर कुठे करायची हे ठरवताना तात शक्यतो सोडायची नाही, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते.

पहिली दोनेक वर्षे तात गुरुजीच देत असत. त्यांच्या कपाटात एका पत्र्याच्या डब्यात कागदात गुंडाळलेल्या लडी असायच्या. त्यांतली एक ते काढत, दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरत आणि मग कापून देत. पैशांचा विषय ते काढू देत नसत. डबा रिकामा होत आला तेव्हा मात्र तात कुठून आणायची हे मी शोधायला लागले, आणि तेव्हा या व्यवहाराची सगळी अवघड बाजू समोर आली. मिरजेला जाऊन पाहिले. सतार आणि तंबोऱ्यासाठी मिरजेइतके जाणते गाव महाराष्ट्रात दुसरे नाही, तिथल्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती दोन्ही वाद्ये धातूच्या तारांची आहेत आणि तिथल्या कारागिरांना तातीची रोजची गरज पडत नाही. त्यांनी मला मेरठकडे बोट दाखवले, जिथे सारंगी घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. पुढे तिथल्याच एका दुकानदाराकडून टपालाने लडी मागवू लागले.

एका वयस्कर कारागिराशी फोनवर बोलताना मला एक गोष्ट कळली, ती मला महत्त्वाची वाटते. पूर्वी तात वळणाऱ्या माणसाचे पोट सारंगीवर चालत नव्हते. कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या कमानीला तात लागे, आणि गावोगावी फिरणाऱ्या पिंजाऱ्यांची संख्या सारंगियांच्या कित्येक पट होती. आपल्याकडे जोगतिणींच्या चौंडके या वाद्यालाही तातच लागते. गाद्या यंत्रावर भरल्या जाऊ लागल्या, पिंजारी कमी झाले, आणि तातीची मोठी मागणी संपली. उरली ती मूठभर वादकांची मागणी, जिच्यासाठी कसब सगळ्यांत जास्त लागते आणि माल सगळ्यांत कमी खपतो. दर वाढायला आणि दर्जा घसरायला एवढे कारण पुरेसे आहे, असे तो कारागीर म्हणाला, आणि मला ते पटले.

काम मुळात किचकट आहे. आतडे ताजे असतानाच उचलावे लागते. त्यावरची चरबी आणि आतला थर काढून ते क्षाराच्या पाण्यात भिजवतात, बोथट पात्याने खरवडतात, त्याच्या लांब पट्ट्या करतात आणि ओल्या असतानाच त्या एकत्र धरून पीळ देतात. बारीक तातीला थोड्या पट्ट्या पुरतात, जाड तातीला बऱ्याच लागतात. मग ती ताणून सुकवायची आणि घासून गोल व गुळगुळीत करायची. प्रत्येक जनावराचे आतडे वेगळे, त्याची जाडी सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे वळणाऱ्याच्या हाताला अंदाज नसेल तर तात एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड होते. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. कानाला मात्र लगेच कळतो, कारण अशी तात मोकळी सुरात लागते आणि वरच्या सप्तकात गेले की सूर भलतीकडे जातो. सारंगीवर पडदे नसतात, तरीही प्रत्येक जागेचा अंदाज बोटाला बसलेला असतो. खोटी तात तो अंदाजच मोडून टाकते, आणि नवशिक्या विद्यार्थ्याला दोष आपल्या हातात आहे की तातीत, हेही समजत नाही.

म्हणून तात चढवण्याआधी तपासायला शिकणे हा खर्च कमी करण्याचा पहिला मार्ग ठरला. गुरुजी उजेडासमोर जे करत तेच मी करू लागले. दोन्ही हातांच्या मुठींत तात घट्ट धरून ताणायची, मधली लांबी सारंगीवर वाजणाऱ्या लांबीएवढी ठेवायची, आणि अंगठ्याने ती छेडायची. तात खरी असेल तर थरथरताना तिच्या दोन स्वच्छ कडा दिसतात आणि मधला भाग पातळ पडद्यासारखा पारदर्शक दिसतो. तात खोटी असेल तर त्या दोन कडांच्या मध्ये तिसरी रेघ थरथरते, कधी दोन रेघा दिसतात, आणि त्या जागच्या जागी न राहता सरकतात. हात थोडा पुढे-मागे करून लडीचा दुसरा भाग धरायचा आणि पुन्हा पाहायचे. कित्येकदा त्याच लडीत वीतभर पुढे चांगली लांबी सापडते. युरोपातल्या ल्यूट या तंतुवाद्याच्या वादकांच्या सोळाव्या शतकातल्या पुस्तकांतही हीच परीक्षा सांगितलेली आहे, हे मी नंतर वाचले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण पत्र्याच्या डब्यासमोर बसून गुरुजी जे करत होते ते आतड्याची तार वापरणाऱ्या साऱ्या जगाने आपापल्या जागी शोधून काढलेले होते.

या परीक्षेत टपालाने आलेल्या मालातला सुमारे निम्मा माल नापास होत असे. तेव्हा माझी वही मला वेगळेच काही सांगू लागली. एका तातीला मी साधारण चारशे रुपये देत होते, पण निम्म्या टाकून द्याव्या लागत असल्यामुळे कामाची तात मला आठशेला पडत होती. त्यात पहिली, म्हणजे षड्जाची तात सगळ्यांत लवकर जाते, कारण वादनाचा मोठा भाग तिच्यावरच होतो. जिथे नख वारंवार घासते तिथे आधी बारीक केस उठतात, मग पीळ उलगडू लागतो आणि आवाज फाटतो. माझ्या रियाजाच्या मानाने ती दोन महिन्यांच्या आसपास टिकते. वर्षाला सहा ताती धरल्या तर केवळ पहिल्या तारेचे चार हजार आठशे रुपये होतात. पंचमाची, म्हणजे दुसरी तात वर्षातून दोनदा बदलावी लागते, खर्जाची, म्हणजे तिसरी, त्याहूनही कमी.

जाडीचा हिशेबही इथेच सांगितला पाहिजे, कारण चुकीच्या जाडीची तात म्हणजे वाया गेलेले पैसे. लांबी आणि ताण तोच ठेवला तर तारेची जाडी जितक्या पटीने वाढते तितक्या पटीने स्वराची कंपने कमी होतात. फ्रान्सच्या मेर्सेन या विद्वानाने हा नियम १६३६ मध्ये छापला. सारंगीची पहिली तार षड्जाला, दुसरी तिच्याखालच्या मंद्र पंचमाला आणि तिसरी मंद्र षड्जाला लावतात. पंचमाची कंपने षड्जाच्या पाऊणपट आणि मंद्र षड्जाची निमपट, म्हणून ताण समान हवा असेल तर दुसरी तात पहिलीच्या सव्वापटीहून थोडी जास्त आणि तिसरी दुप्पट जाड हवी. इतकी जाड खर्ज गजाला जड जाते, त्यामुळे मी ती थोडी बारीक आणि थोडी सैल ठेवते. हे आकडे कळल्यावर मी जाडी मोजणारे एक साधे मायक्रोमीटर विकत घेतले, आणि तेव्हापासून मागणी नोंदवताना ‘बारीक’, ‘मध्यम’ असे न लिहिता मिलिमीटरमध्ये जाडी लिहू लागले. दुकानदाराला सुरुवातीला ते विचित्र वाटले, पण नको त्या मापाच्या ताती येणे त्यामुळे बरेच कमी झाले.

पावसाळ्याचा खर्च वेगळा मोजावा लागतो. जून ते सप्टेंबर पुण्यातच इतकी ओल असते, तर कोकणात आणि गोव्यात सारंगी वाजवणाऱ्यांचे काय होत असेल हे सहज समजू शकते. दमट हवेत तात पाणी शोषून फुगते, तिची पकड मऊ पडते आणि नखाखाली ती लवकर पिंजते. त्याच वेळी सारंगीच्या पोटावरचे कातडे सैल होते, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी खाली बसते आणि लावलेला सूर हलतो. सूर हलला की तात पुन्हा ताणायची, आणि ओल्या तातीला असे वारंवार ताणणे तिचे आयुष्य कमी करते. न वापरलेल्या ताती मी घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या घालून ठेवते. वाद्यावरची तात रियाज झाल्यावर सुती फडक्याने पुसून राळेची पूड काढते आणि नख जिथे लागते तेवढ्याच भागाला बदामाच्या तेलाचा अगदी हलका हात लावते. गज फिरतो त्या भागाला तेल कधीही लागू देत नाही, नाहीतर राळ धरत नाही. उठलेले केस ओढून काढू नयेत; ओढले तर पूर्ण पदर सुटतो. नखे कापण्याच्या साधनाने ते मुळाशी कापावेत. खुंटीला गुंडाळलेली जास्तीची लांबी असेल तर तात थोडी सरकवून झिजलेला भाग नखाच्या जागेवरून हलवता येतो. एवढ्या काळजीने एका तातीमागे दोन-तीन आठवडे नक्की वाढतात.

पुढे युरोपातली तात मागवून पाहायचे ठरवले. व्हायोलिनची आतड्याची तार सारंगीला जाडीत बहुधा कमी पडते, पण हार्प या मोठ्या वाद्याला आजही आतड्याच्याच तारा लागतात आणि इंग्लंडमधल्या किंग्ज लिन या गावी बो ब्रँड ही कंपनी त्या बनवते. परदेशातले काही सारंगीवादक या तारा वापरतात हे मला माहीत होते. हार्पच्या तारांची सप्तके वरून खाली मोजतात, त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या सप्तकातल्या तारा सारंगीच्या मापाजवळ येतात. वादकाला ओळखू याव्यात म्हणून हार्पवर षड्जस्थानी असलेली सी स्वराची तार लाल आणि एफची काळी किंवा निळी रंगवलेली असते, म्हणून मी डी, ई आणि जी यांच्या बिनरंगी तारा निवडल्या. वार्निश लावलेली तार घेऊ नये. त्यावर राळ नीट बसत नाही आणि नखाखाली वार्निशचे पापुद्रे निघतात.

तार हातात आली तेव्हा पहिल्यांदा कळले की आतड्याची तार किती एकसारखी असू शकते. मुठींत धरून छेडली की दोन कडा स्पष्ट दिसत, लडीच्या कोणत्याही भागात. पण तिच्यापर्यंत पोहोचायला लागलेला खर्च हा स्वतंत्र विषय आहे. एका तारेची किंमत रुपयांत दोन हजारांच्या घरात, त्यावर आंतरराष्ट्रीय टपाल, सीमाशुल्क, त्यावरचा कर आणि कागदपत्रे हाताळण्याचे शुल्क. एका खेपेस प्राणिजन्य वस्तू म्हणून पाकीट अडकले आणि ‘वाद्याची तार’ हे पुरेसे स्पष्टीकरण मानले गेले नाही. ते सोडवण्यात जितका वेळ गेला, तितक्यात एक पूर्ण सारंगी लावून झाली असती. सगळे धरून तार अठ्ठावीसशेच्या आसपास पडली. परंतु हार्पची तार लांब असते आणि तिच्यातून सारंगीच्या दोन ताती निघतात, म्हणजे एक तात चौदाशेची झाली. ती माझ्याकडे साधारण चार महिने टिकते. वर्षाला तीन, म्हणजे चार हजार दोनशे रुपये.

वहीत हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. चारशेची देशी तात आणि अठ्ठावीसशेची परदेशी तार वर्षअखेरीस जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. फरक इतकाच की देशी तातीचे पैसे थोडे थोडे जातात आणि परदेशी तारेचे एकदम द्यावे लागतात. ज्याच्या हातात एकदम पैसे नाहीत त्याला स्वस्त तातच परवडते आणि शेवटी तीच महाग पडते. यात देशी कारागिराला दोष देण्यासारखे काही नाही. त्याला निवडक आतडे मिळाले, जाडी मोजण्याचे साधन मिळाले आणि खपाची हमी मिळाली, तर तो तितकीच चांगली तात वळेल याची मला खात्री आहे. मेरठहून आलेल्या लडींतले जे चांगले तुकडे होते ते आवाजात हार्पच्या तारेपेक्षा मला अधिक आवडले. त्यांत थोडा खरखरीतपणा होता, जो सारंगीला शोभतो.

कृत्रिम तारेचाही प्रयोग केला. इटलीतल्या विचेन्झाच्या अक्विला कंपनीने आतड्याइतक्याच घनतेची एक कृत्रिम तार काढली आहे. साधे नायलॉन आतड्याहून हलके असते आणि तोच स्वर हवा तर ते जाड घ्यावे लागते, तसे या तारेचे होत नाही. पावसात ती सूर सोडत नाही आणि किंमतही बेताची असते. नख मात्र तिच्यावर वेगळे सरकते, जास्त निसटते, आणि मींडेत जो किंचित अडथळा हाताला आधार देतो तो मिळत नाही. नवशिक्याला सुरुवातीचे वर्षभर खर्जासाठी आणि पंचमासाठी ती लावून द्यायला माझी हरकत नाही. पहिली तार मात्र तातीचीच असावी, कारण कान आणि बोट तिच्यावरच तयार होतात. पाश्चात्त्य व्हायोलिनची सर्वांत बारीक तार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आतड्याऐवजी पोलादाची होऊ लागली आणि ती पुन्हा फारशी मागे आली नाही. पुरवठा एकदा तुटला की सवय किती लवकर बदलते, हे त्यावरून दिसते.

मी नोकरी सांभाळून वाजवणारी आहे, त्यामुळे हा खर्च मला सोसतो. साथीवर पोट असणाऱ्या सारंगियाचे तसे नाही. त्याला आज काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणाऱ्या गायकाची साथ करायची असते आणि परवा काळी तीनची. तात न बदलता षड्ज काळी एकवरून काळी तीनवर चढवला तर ताण पावणेदोन पटींहून थोडा जास्त होतो; तात लवकर जाते आणि कातड्यावरचा भारही वाढतो. म्हणून जाडी बदलावी लागते, किंवा दोन सारंग्या ठेवाव्या लागतात. एकेकाळी गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्ष यांच्या सारंगीला बालगंधर्वांच्या गाण्याइतकाच मान होता आणि वाद्य सांभाळणे हा मंडळीच्या खर्चाचा भाग होता असे जुनी माणसे सांगत. आज साथीदाराला मिळणाऱ्या बिदागीत प्रवास धरला जातो, कधी जेवण धरले जाते, तात कुणीच धरत नाही. पेटीवाल्याला हा प्रश्न येत नाही, तिचे स्वर ऋतूप्रमाणे हलत नाहीत आणि तिला दर दोन महिन्यांनी काही बदलावे लागत नाही. मैफलींत सारंगी मागे पडण्याची कारणे अनेक आहेत, पण ज्याने तातीचा हिशेब ठेवला आहे त्याला हे कारण लहान वाटणार नाही.

आता आम्ही पुण्या-मुंबईतले काही सारंगी शिकणारे आणि वाजवणारे मिळून वर्षातून दोनदा एकत्र मागणी नोंदवतो, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा मार्चच्या आसपास. टपालाचा आणि कागदपत्रांचा खर्च वाटला गेला की तातीमागे तीन-चारशे रुपये वाचतात. निम्मी मागणी परदेशी तारेची असते आणि निम्मी जाणूनबुजून मेरठची, आगाऊ पैसे देऊन आणि मिलिमीटरमध्ये माप लिहून. नापास झालेल्या ताती नुसत्याच परत न करता जिथे जाडी बदलते तिथे दोरा बांधून त्याच दुकानदाराकडे पाठवतो, म्हणजे वळणाऱ्याला दोष कुठे आहे हे दिसते. गेल्या दोन खेपांत आमच्याकडे नापास झालेल्या तातींचे प्रमाण निम्म्यावरून सुमारे एक तृतीयांशावर आले आहे. येत्या मागणीसाठी खर्जाच्या जाड तातीचे माप अजून नक्की व्हायचे आहे, कारण दोघांचे म्हणणे ती आणखी जाड हवी असे आहे आणि तेवढी जाड तात वळायला लागणाऱ्या पट्ट्यांचा वेगळा दर कारागिराने सांगितला आहे.